कोपऱ्यातला ऱ

१

नकाशांचं फोल्डर उघडलं आणि आत काहीच नव्हतं.

बंद केलं, पुन्हा उघडलं. माझ्या वयाची माणसं पहिला संशय चष्म्यावर घेतात, म्हणून चष्मा पुसला. तरी रिकामं ते रिकामंच. कचरापेटीत पाहिलं. ती मी कधीच उपसलेली नाही. जुनं टाकवत नाही ही माझी खोड तिथेही होतीच. आज तीसुद्धा लख्ख.

त्या फोल्डरमध्ये डोंगरवाटांचे नकाशे होते. आमच्या ह्यांनी आयुष्यभर पायी फिरून टिपलेल्या वाटा, आणि ते गेल्यावर मी बसून पुऱ्या केलेल्या. दवाखान्यात शेवटी शेवटी त्यांना बोलणं जड झालं होतं, तेव्हाही एवढंच म्हणाले होते, "पुस्तक अर्धं ठेवू नकोस." ते पुस्तक या महिनाअखेर छापखान्यात जायचं होतं.

आदल्याच दिवशी कॉम्प्युटरचं अपग्रेड झालं होतं. आमचं यंत्र पहिल्यापासून लिनक्स नावाच्या मोफत प्रणालीवर चालतं. नवं व्हर्जन आलं की हे जुन्याच्या अंगावरच नवं चढवायचे. सगळं पुसून नव्यानं बसवणं त्यांना कधीच पटलं नाही. "पाडून बांधणं कोणालाही जमतं. राहत्या घरात दुरुस्ती करता आली पाहिजे," म्हणायचे. ते गेल्यावर मी त्या भानगडीत पडलेच नव्हते. पण या व्हर्जनला आता सुधारणा मिळणार नाहीत असं पडद्यावर रोज यायला लागलं, तेव्हा ओळखीच्या संगणकवाल्याला बोलावलं. मी त्या दिवशी डोळे तपासायला गेले होते. डॉक्टरांनी थेंब घातले, त्यामुळे घरी आल्यावर सगळं भुरकट. यंत्राकडे न बघताच आतल्या खोलीत जाऊन पडले.

"आई, मी सांगत होतो," मुलगा मागून म्हणाला. तो आठवडाभरासाठी राहायला आला होता. "ते जुनं खोकं फेकून दे आणि माझ्याकडे चल. एका अर्थी सुटलीस."

मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"तसं नाही गं," तो म्हणाला, आणि खोलीतून निघून गेला.

मग कुंचली आली. ही माझी लग्नाआधीपासूनची मैत्रीण. वाटा हे आखायचे, नावं आणि मजकूर मी घालायचे, आणि डोंगरांना सावली द्यायची ती कुंचलीनं. नावही ह्यांनीच ठेवलेलं. बॅकअप घेतल्याशिवाय यंत्राला हात लावणार नाही, असं संगणकवाल्यानं बजावलं होतं, म्हणून कुंचलीनं सगळे नकाशे पेनड्राइव्हवर उतरवून घेतले होते. तिनं पिशवीतून तो काढला, लावला. उघडेना. उलटसुलट करून पाहिला, तरी उघडेना.

"माझ्याच हातून हे व्हायचं होतं," म्हणून ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीच तिची समजूत घातली. कुठे दुरुस्त होतो का बघते, म्हणून ती तो घेऊन गेली.

मी संगणकवाल्याला फोन लावला आणि त्याला जे बोलले, ते मी दूध सांडणाऱ्या मांजराला कधी बोलले नसते.

तो एवढंच म्हणाला, "काकू, अपग्रेड असं करतच नाही."

मी फोन ठेवला. पण ते वाक्य कानातून जाईना. मग वन्संना बोलावलं.

२

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. गोदाम जळलं, माल बुडाला, असं सांगणाऱ्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं, हे काम. मी या घरात नवी होते तेव्हा माझी अत्तराची बाटली मांजरानं नव्हे, त्यांच्या भावानं फोडली, हे त्यांनी सिद्ध करून दाखवलं होतं. तेव्हापासून मी त्यांना जरा वचकूनच असते.

"रडून झालं का, वहिनी?" त्यांनी दारातच विचारलं. "झालं असेल तर यंत्र दाखवा. राहिलं असेल तर मी तोवर चहा टाकते."

"झालं."

त्या खुर्चीत बसल्या. "आग लागली म्हणणाऱ्याकडे गेले की मी आधी काय जळलं नाही ते बघायचे. सांगा, काय काय जागेवर आहे?"

पडद्यावर ह्यांचा टोपीतला फोटो होता. माझी चिन्हं मी ठेवली होती तशीच वाकडीतिकडी पसरली होती. जपून ठेवलेली गाणी होती. शब्दांच्या तपासणीत मी भरलेले सगळे शब्दही होते.

"म्हणजे गेले ते फक्त नकाशे, आणि कचरा," वन्सं म्हणाल्या. "मोठी चोखंदळ आग आहे."

संगणकवाला आला तो दारातच घुटमळला. माझ्या तोंडाकडे बघायचं टाळत होता. वन्संनी त्याला समोर बसवलं.

"भाऊ, मला काही कळत नाही असं धरून सांग. तू नक्की काय केलंस?"

"मॅडम, दोन प्रकार असतात. एक, सगळं पुसून नवं बसवायचं. ते मी केलेलं नाही. केलं असतं तर काकांचा फोटो तरी राहिला असता का? दुसरं, अपग्रेड. आधी चालू व्हर्जन ताजं करायचं, मग नव्या व्हर्जनचा पत्ता द्यायचा. मग ते आपलं आपणच सिस्टीमचा एकेक भाग उचलतं आणि त्या जागी नवा ठेवतं. माणसाच्या स्वतःच्या फायली वेगळ्या कप्प्यात असतात. तिकडे ते ढुंकूनही बघत नाही."

"मग जातं तरी काय?"

"सिस्टीमच्याच भागात कोणी हातानं फिरवाफिरव केली असेल, तर तेवढी जाते. नवा भाग तिच्यावर येऊन बसतो ना."

"आणि कचरापेटी? जागा करायला तू रिकामी केलीस?"

"जागा रग्गड होती. आणि मॅडम, दुसऱ्याच्या कचऱ्याला मी घरीसुद्धा हात लावत नाही, बायकोची तीच तक्रार आहे." मग तो गंभीर झाला. "निघताना नकाशांचं फोल्डर मी उघडून दाखवलं होतं. भरलेलं होतं. त्या चित्रकार बाई इथेच बसल्या होत्या, त्यांना विचारा."

मी खुर्ची ओढून घेतली. निदान एखादा नकाशा पुन्हा लिहायला घ्यावा, असं मनात आलं. 'दऱ्या' हा शब्द टाइप केला आणि थबकले.

कीबोर्डावर वर डाव्या कोपऱ्यात एक बटण आहे. त्यातून मुळात एक वाकड्या शेंडीची मात्रा उमटते, जी मराठीत कोणी वापरत नाही. दऱ्यांमधला आडव्या शेपटीचा ऱ हवा असेल तर शिफ्ट दाबून ठेवून दुसरं बटण दाबावं लागतं. माझी बोटं सांधेदुखीनं आखडायला लागली, तेव्हा ह्यांनी सिस्टीमच्या फायलीत शिरून तो ऱ त्या बिनकामाच्या बटणावर आणून ठेवला होता. "दऱ्यांचा धंदा आपला. ऱ हाताशी पाहिजे," म्हणाले होते. आज तेच बटण दाबलं, तर ऱ ऐवजी ती परकी मात्रा उमटली.

नकाशांसाठी आलं नव्हतं तसं रडू मला त्या एका अक्षरासाठी आलं.

"हेच ते, काकू," संगणकवाला हळूच म्हणाला. "काकांनी हातानं केलेला बदल नव्या फायलीखाली गेला. दोन मिनिटांत परत बसवून देतो."

"थांब," वन्सं म्हणाल्या. "यंत्र जसं आहे तसं राहू दे. कशालाही हात लावू नकोस."

३

कुंचली दुसऱ्या दिवशी आली. वन्संना बघून म्हणाली, "अरे वा, सरकारी चौकशी बसली वाटतं."

"विम्याची. सरकारीपेक्षा चिवट असते," वन्सं म्हणाल्या. "संगणकवाला म्हणतो, निघताना फोल्डर भरलेलं होतं आणि त्यानं तुला दाखवलं."

"दाखवलं असेल. तो सारखंच काहीतरी दाखवत होता. मला त्यातलं काय कळतं? मी आपली रंगवायची नाहीतर टाइप करायची, तेही हिनं लावून दिलं तर."

"तो गेल्यावर तू किती वेळ होतीस?"

"ही घरी येऊन पडेपर्यंत. हिच्या डोळ्यांवर ओला रुमाल ठेवला. मग चिरंजीव आले, मी निघाले." तिनं माझ्याकडे पाहिलं. "आता मलाही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करणार का गं?"

मला ओशाळल्यासारखं झालं. "वन्संचं मनावर घेऊ नकोस," मी म्हटलं. "पेनड्राइव्हचं काय झालं?"

"मेलाय तो," ती म्हणाली.

संध्याकाळी वन्संनी मुलाला गाठलं. अपग्रेडच्या दिवशी तो यंत्रापाशी बसला होता, हे शेजारणीनं खिडकीतून पाहिलं होतं.

"ऑफिसची मेल बघत होतो, आत्या."

"तुझी मेल तर तुझ्या फोनवर असते. जेवतानासुद्धा बघतोस."

त्यानं हातातला फोन खिशात टाकला. मग म्हणाला, "बाबांचे फोटो बघत बसलो होतो. आईला सांगू नकोस."

आई दाराआड उभी होती, हे त्याला माहीत नव्हतं. मला वाटलं आत जावं आणि त्याच्या केसांतून हात फिरवावा. पण वन्संनी डोळ्यांनी दटावलं. त्यांच्या दृष्टीनं फोटो बघणारा माणूसही फोल्डर पुसू शकत होता. आणि "एका अर्थी सुटलीस" हे वाक्य मीच त्यांना सांगून बसले होते.

४

छापखान्याचे मालक सहसा कोणाकडे जात नाहीत. ते स्वतः जिना चढून आले आणि टेबलावर एक मोठा कागद उलगडला.

"बाई, हे तुमचं आहे ना?"

मला चष्मा लावायचीही गरज पडली नाही. पूर्वेकडची धार, तिच्याखालचं टेकाड, त्याला वळसा घालून जाणारी ठिपक्यांची वाट. ती वाट मी ह्यांच्यामागून धापा टाकत चालले होते.

"तुमच्याकडे हा कसा आला?"

"एका सहल कंपनीकडून. पुस्तक छापायचंय म्हणाले. नमुन्याला हा एकच नकाशा दिलाय, नावाचं पान नंतर देणार आहेत. मला रेषा ओळखीच्या वाटल्या, म्हणून काम अडवून धरलंय. पण फार दिवस नाही धरता येणार."

म्हणजे नकाशे पुसले गेले नव्हते, विकले गेले होते. ह्यांचं पुस्तक निघणार होतं, फक्त त्यावर ह्यांचं नाव नसणार होतं.

"कंपनी कोणती?" वन्संनी विचारलं.

मालकांनी नाव सांगितलं. मुलगा दारात उभा होता. त्याच्या हातातली किल्ली खाली पडली.

"आई," तो म्हणाला, "त्यांच्या जाहिराती आमचं ऑफिस करतं."

५

त्या दुपारी ताटं तशीच झाकून राहिली. मुलगा गॅलरीत पाठ करून उभा होता. माझं पोटचं पोर, आणि मी त्याच्या पाठीकडे बघून हिशेब मांडत होते. असं मन झालं की माणसाला स्वतःचीच किळस येते.

वन्सं मात्र भिंग घेऊन कागदावर वाकल्या होत्या. "वहिनी, यात तुमचं नसलेलं काही आहे का?"

मी पाहिलं. खाली कोपऱ्यात खुणांचे अर्थ बारीक अक्षरात दिलेले असतात. देऊळ, विहीर, झरा, दरी. त्यांच्याखाली आणखी एक खूण होती, लहान लहान आडव्या रेघांची.

"ही माझी नाही. त्या धारेवर यंदा दगडी पायऱ्या खोदल्यात म्हणतात. मला चढवत नाही, म्हणून मी पाहिल्या नाहीत आणि घातल्याही नाहीत."

"मग वाचा, काय लिहिलंय."

'पाय', आणि पुढे एक वाकड्या शेंडीची मात्रा लोंबत होती. जिथे ऱ हवा होता तिथे ऱ नव्हता.

"छापखान्याची चूक असेल," मी म्हटलं.

"इथे बसा. पडद्याकडे बघू नका. 'पायऱ्या' टाइप करा, नेहमीसारखं."

मी डोळे मिटले. बोटं आपोआप डाव्या कोपऱ्यात गेली. डोळे उघडले तर पडद्यावर कागदावरचीच चूक होती, तंतोतंत.

"ही चूक व्हायला दोन गोष्टी लागतात," वन्सं म्हणाल्या. "यंत्र विसरलेलं हवं आणि हात न विसरलेला हवा. अपग्रेडच्या आधी हे बटण दाबलं असतं, तर बरोबर ऱ उमटला असता. म्हणजे हा शब्द अपग्रेडनंतरचा. नकाशे अपग्रेडनंतर जिवंत होते, संगणकवाला खरं बोलतोय. आता हात कोणाचा? संगणकवाल्याला या बटणाचं माहीतच नव्हतं. तुमचा मुलगा मराठी लिहितो ते फोनवर, अंगठ्यानं. या दोघांचा हात त्या कोपऱ्यात जाणारच नाही. ज्यानं वर्षानुवर्षं याच टेबलाशी बसून आपल्या दादाच्या ऱ वर बोट ठेवलंय, त्याचाच जाईल. अशी माणसं दोन. एक तुम्ही. तुमचे डोळे त्या दिवशी मिटलेले होते."

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वहिनी, दुसरं नाव तुम्ही घेता की मी घेऊ?"

मी उठून गॅलरीत गेले. मुलाच्या पाठीवर हात ठेवला. तो वळला नाही, पण त्यानं तो हात झटकलाही नाही. त्यानंतर संगणकवाल्याला फोन करून माफी मागितली. तो बिचारा म्हणाला, "काकू, जाऊ द्या हो, मला सवय आहे." याची कोणाला सवय असावी, याचंही वाईट वाटलं.

मग कुंचलीला फोन केला. म्हटलं, "ये."

६

ती आली आणि टेबलावरचा कागद पाहून पिशवी खांद्यावरच ठेवून उभी राहिली.

"पायऱ्या तू घातल्यास," मी म्हटलं.

तिनं नाही म्हणावं, असं मला अजूनही वाटत होतं. तिनं कागद जवळ ओढला, त्या शब्दापाशी वाकली आणि नीट पाहिलं.

"छे," ती म्हणाली. "बघितलंच नाही मी. हाताखालच्या कच्च्या चित्राकडे बघून टाइप करत होते."

"घातल्यास तरी कशाला? आहे तसाच द्यायचा होतास. कोणाला कळलंही नसतं."

"पायऱ्या झाल्यात तिथे. मी पाहून आले. नकाशात नसत्या तर लोक जुन्या घसरणीवरून गेले असते." तिला या प्रश्नाचंच नवल वाटलं होतं. "खोटा नकाशा कसा जाऊ देईन मी?"

वन्संनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"मी आत पडले होते," मी म्हटलं. "तू माझ्या डोळ्यांवर रुमाल ठेवलास आणि बाहेर येऊन हे केलंस?"

"रुमाल ठेवायच्या आधी केलं. नंतर झालं नसतं."

"का गं पण?"

तिनं पिशवी खाली ठेवली. "प्रत्येक नकाशावर नावं कशी असतात, सांग."

"ह्यांचं, माझं, तुझं."

"तिसरं. कायम तिसरं. डोंगर मी उभे केले, आणि लोक तुम्हा दोघांना नमस्कार करून माझ्याकडे पाणी मागायचे. त्या कंपनीनं पहिल्या पानावर माझं एकटीचं नाव टाकायचं कबूल केलं."

"आणि ह्यांचं?"

ती कागदाची घडी सरळ करत राहिली.

"ते दवाखान्यात होते तेव्हा रात्रीच्या पाळीला तू बसायचीस," मी म्हटलं. "पुस्तक अर्धं ठेवू नकोस, म्हणाले तेव्हा खोलीत तूही होतीस."

"म्हणून तर अर्धं ठेवलं नाही."

तिनं पिशवीच्या आतल्या कप्प्यातून पेनड्राइव्ह काढला. हा खरा; मला मेलेला म्हणून दाखवलेला दुसराच कुठला तरी होता. वन्संनी लावून पाहिला. सगळे नकाशे होते, एकही कमी नाही. कंपनीला नकार कळवायचं तिनं आपणहून कबूल केलं. माझ्या खांद्यावरचं ते रडणं खरं होतं का, हे मात्र मी विचारलं नाही. खरं होतं असं म्हणाली असती, तर मला जास्त लागलं असतं.

दाराशी जाऊन ती सवयीनं म्हणाली, "उद्या किती वाजता येऊ?" आणि जागच्या जागी थांबली.

"नको येऊस," मी म्हटलं.

७

नावाचं पान जुळवायला मी आणि वन्सं छापखान्यात गेलो. मालकांनी विचारलं, "नावं कशी घ्यायची, बाई?"

"होती तशीच. पहिलं ह्यांचं, मग माझं, मग तिचं."

"तिचं ठेवायचं?"

"डोंगर तिचे आहेत. खोटं पान कसं जाऊ देईन?"

बाहेर यंत्रांचा खडखडाट चालू होता. वन्संनी माझं कोपर धरून मला थोडं बाजूला घेतलं.

"वहिनी, ठेवताच आहात तर तिला दुसरं द्यायला काय हरकत आहे? तुमचं तिसरं झालं म्हणून काय बिघडणार आहे?"

"मागितलं असतं तर पहिलं दिलं असतं. एकदा तोंड उघडून मागायचं होतं."

वन्संनी मान वर केली. गोदाम जळालेल्या माणसाकडे पाहत असतील, तसं माझ्याकडे पाहिलं.

"खरंच दिलं असतंत?"

मालक कागद हातात घेऊन वाट पाहत उभे होते.

"घ्या छापायला," मी त्यांना म्हटलं.